घडाघडा वाचणारी पोर

करंजवाडीच्या शाळेत पालकसभा भरली, त्या दिवशी म्हाळसाबाई तिथं गेली ती नातीची घरी राहिलेली पाण्याची बाटली द्यायला, आणि परत आली ती शाळा व्यवस्थापन समितीची उपाध्यक्ष होऊन.

झालं असं, की समितीत निम्म्या बाया पाहिजेत असा नियम. आणि सभेला बाया आलेल्या मोजून चार. त्यातल्या एकीचे दिवस भरत आलेले. दुसरीनं "मालकाला इचारून सांगते" म्हणून पदर तोंडाला लावला. तांबारे सर हातात रजिस्टर घेऊन इकडं तिकडं बघत होते, तेवढ्यात त्यांना दारात बाटली घेऊन उभी असलेली म्हाळसाबाई दिसली.

"आज्जी, सध्या अक्षदाच्या पालक तुम्हीच की. सही येती का तुम्हाला?"

"येती की!"

तेवढ्यावर काम झालं. अध्यक्ष म्हणून पाशामियाँचं नाव आधीच ठरलं होतं. पाशामियाँ गाद्या भरायचे. सगळ्या वाडीच्या पाठीखालचा कापूस त्यांच्या हातचा. त्यांची नात शाहीन अक्षदाच्याच वर्गात, तिसरीला होती.

म्हाळसाबाईला सही येत होती हे काही खोटं नव्हतं. पुष्कळ वर्षांखाली वाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता. तो महिनाभर चालला आणि बंद पडला. तेवढ्या महिन्यात तिनं आपलं नाव गिरवून गिरवून हातात बसवलं होतं. गोधडीवर टाका घालावा तसं ती ते नाव घालायची, डावीकडून उजवीकडं, शेवटी वरची रेघ. त्यातलं कुठलं अक्षर कुठलं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. सही बघून लोक समजायचे की म्हातारीला थोडंफार वाचता येतं. तिनंही कधी कुणाचा गैरसमज काढला नाही. सहीसाठी अंगठा पुढं करायला लागत नाही, याचंच तिला अप्रूप होतं.

जात धनगराची. दरवर्षी दिवाळी झाली की तिचा मुलगा धनाजी आणि सून शिवलीला मेंढरं घेऊन ढोकीच्या बाजूला उसाच्या रानांत खतासाठी मेंढ्या बसवायला जायची, ती ज्येष्ठातच परत यायची. आदल्या वर्षापर्यंत म्हाळसाबाईही बरोबर असायची, आणि पोरीलाही न्यायचे. या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. मग चार शेळ्या, सहा कोकरं आणि अक्षदा एवढा संसार तिच्याजवळ ठेवून बाकीचे गेले.

पोर गुणाची होती. शाळेतून आली की कोकरांना पाला टाकायची, आणि मग दारात बसून मोठ्यानं धडा वाचायची. घडाघडा. रस्त्यानं जाणारा थांबून ऐकायचा. "म्हाळसाबाई, पोर मास्तरीण होणार बगा," असं कुणी म्हणालं की म्हातारी उगीच कोकरांवर ओरडायची, म्हणजे तोंडावरचं हसू दिसायला नको.

जानेवारीत कळंबला समित्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. तांबारे सर समितीचे सचिव म्हणून जाणार होतेच. अध्यक्ष-उपाध्यक्षांनीही यायचं होतं. म्हाळसाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. एसटीत पाशामियाँनी तिला खिडकीची जागा दिली.

"तितं काय करायचं असतंय वो, पाशाभाई?"

"मला तरी काय ठाव! बसायचं, चहा प्यायचा, सही करायची. मागच्या अध्यक्षानं तर हेच सांगितलं."

पण शिकवायला आलेल्या लोमटे मॅडम निराळ्याच निघाल्या. वर्षाराणी लोमटे, तीस-बत्तीस वर्षांच्या, आवाज असा की मागच्या रांगेतला डुलकी घेणारा माणूसही दचकून उठावा. त्यांनी सगळ्यांना गोलात बसवलं, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका दिली आणि म्हणाल्या, "मी एकटी वाचणार नाही. समितीची कामं काय, ते एकेकानं एकेक ओळ वाचायची."

तिच्या डाव्या बाजूला नऊ माणसं होती. आठ झाली. सात झाली. एक जण अडखळला, लोक हसले, मॅडमनी त्याला धीर दिला. तिच्या शेजारी पाशामियाँ बोट धरून मोठ्यानं वाचत होते, "शाळेतील मुलांची उपस्थिती नियमित राहील याकडे लक्ष देणे." आणि मग सगळे तिच्याकडं बघायला लागले.

तिनं लुगड्याची ओटी चाचपली, पिशवी चाचपली.

"चष्मा इसरला की, बाई."

"असू द्या आज्जी," मॅडम म्हणाल्या. पाशामियाँनी तिची ओळही वाचून टाकली. म्हाळसाबाईकडं जन्मात कधी चष्मा नव्हता. हे पाशामियाँना माहीत होतं.

दुपारी जेवणानंतर मॅडमनी एक खेळ काढला. मास्तरांनी पालक व्हायचं आणि पालकांनी मास्तर. तांबारे सरांना आई केलं, म्हाळसाबाईला बाई. तांबारे सर तसे गंभीर गृहस्थ, पण त्यांनी खिशातला रुमाल डोक्यावर घेतला, मान खाली घातली, आणि दहा वर्षांत शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य बारीक आवाजात म्हणून दाखवलं, "आमाला काय कळतंय बाई, आमी अडाणी माणसं. तुमीच बगा काय ते."

सगळं सभागृह हसलं. म्हाळसाबाईला मात्र हसू आलं नाही. हे वाक्य तिनं स्वतः त्यांना तीनदा ऐकवलेलं होतं.

"कळत न्हाय कसं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मेंढरू चारा सोडून उभं ऱ्हायलं तर तुला लांबनं कळतंय. पोटचं पोर कळत न्हाय व्हय गं? जवळ बस जरा त्याच्या! बसतीस का कधी?"

तांबारे सर रुमालाखालून म्हणाले, "न्हाय बसत, बाई."

"मग बसत जा!"

टाळ्या पडल्या. लोमटे मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'जवळ बसा.' मग म्हणाल्या, "हाच तुमचा गृहपाठ. प्रत्येक समितीनं आपल्या शाळेत जायचं. एकेका मुलाजवळ बसायचं. त्याच्याकडून वाचून घ्यायचं. येतंय का बघायचं, आणि या पाहणीपत्रकात खरं काय ते भरून महिन्यानं परत इथं यायचं."

पुढच्या गुरुवारी म्हाळसाबाई शाळेत गेली. सरांनी खुर्ची दिली होती, पण ती सतरंजीवर पोरांत बसली. तिसरीत अकरा पोरं. एकेक जण पुढं येऊन वाचत होतं आणि ती मान डोलवत होती. पुस्तकात बघून तिला काही कळणार नव्हतं, म्हणून ती पोरांच्या तोंडाकडं बघत होती. शाहीन शब्दाशब्दाला थांबून, कपाळाला आठ्या घालून वाचत होती. तिचे डोळे मुंगीसारखे ओळीवरून सरकत होते.

मग अक्षदा उभी राहिली. मुंगीच्या लग्नाचा धडा. एक शब्द न चुकता, वर-खाली आवाज काढत तिनं तो असा म्हटला की पहिलीची पोरंही गप्प झाली. तांबारे सरांनी म्हाळसाबाईकडं अभिमानानं पाहिलं.

तेवढ्यात खिडकीतून वारं आलं आणि पुस्तकाची दोन पानं फडफडून उलटली. अक्षदाचा धडा थांबला नाही. मुंगीची वरात निघाली, बेडकानं ढोल वाजवला, सगळं तसंच पुढं चालू राहिलं. पोरीचे डोळे पुस्तकावर होते, पण ते सरकत नव्हते. एका जागी टेकवून ठेवलेले होते.

म्हाळसाबाईला ते पुस्तक धरणं ओळखीचं वाटलं. सोनारीला भैरवनाथाच्या देवळात आरतीला उभं राहिलं की तीही छापील आरतीचं पुस्तक असंच हातात धरायची. आरती तोंडपाठ. शेजारणीनं पान उलटलं की आपणही उलटायचं. चाळीस वर्षं ती ते करत आली होती, आणि कुणाला कधी कळलं नव्हतं.

"लिहायचं ना आज्जी? अक्षदा, वाचन उत्तम," सर म्हणाले.

वर्गात सगळी पोरं बघत होती. अक्षदाही बघत होती. म्हाळसाबाईनं मघासारखीच मान डोलवली. सरांनी अकरा नावांपुढं भरून पत्रक तिच्यापुढं ठेवलं. तिनं सही घातली, पण वरची रेघ वाकडी गेली.

दिवस कलायला लागला होता. कोकरांभोवतीची जाळी नीट करून म्हाळसाबाई अंगणात बसली आणि म्हणाली, "अक्षदे, पुस्तक आण गं."

पोर उड्या मारत पुस्तक घेऊन आली.

म्हातारीनं पुस्तक मधेच कुठंतरी उघडलं. "हे वाच."

"हा धडा अजून झाला न्हाय, आज्जे."

"बरं. मग मुंगीचा काढ." पोरीनं चित्रावरून धडा काढला. म्हाळसाबाईनं पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

अक्षदाचे ओठ हलायला लागले. ती धडा पहिल्यापासून तोंडातल्या तोंडात म्हणत होती, एकेक शब्दाला एकेक बोट दुमडत, आज्जीच्या बोटापर्यंत पोचायला. म्हाळसाबाईला तशातही कौतुक वाटलं. एवढी अक्कल! पण मधे कुठंतरी पोरीचा हिशोब चुकला, ती परत मागं गेली, परत चुकली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला.

"सरांना सांगू नको, आज्जे."

"कवापासनं चालू हाय हे?"

हुंदके देत देत तिनं सांगितलं. दुसरीत असताना मेंढरांमागं सहा-सात महिने गेले. परत आली तेव्हा बाकीची पोरं काना, मात्रा, वेलांटी सगळं शिकून पुढं गेलेली. मग शाहीन घरी अभ्यासाला मोठ्यानं वाचायची, ते अक्षदा शेजारी बसून ऐकायची. दोनदा ऐकलं की पाठ व्हायचं. एकदा वर्गात तसंच म्हटलं, सर म्हणाले, "शाब्बास! अक्षदा सगळ्यात हुशार." त्यानंतर सांगायचं कसं?

"सर मला हुशार म्हणतेत. आता म्हणायचे न्हाईत."

म्हाळसाबाईनं तिला जवळ ओढलं. बराच वेळ ती पोरीच्या केसांतला पाला काढत राहिली.

"मला बी येत न्हाय," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"वाचायला."

अक्षदा रडायची थांबली. "पण तू तर सही करतीस!"

"सही येती. वाचाय येत न्हाय. चष्मा इसरला म्हणले म्या कळंबात."

"तुजा चष्मा कुठंय?"

"न्हाईच."

पोरीला आधी खरं वाटेना. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना, आणि आज्जीलाही आवरेना. शेळ्या माना वर करून बघायला लागल्या.

हसून झाल्यावर म्हाळसाबाई म्हणाली, "माजं गेलं, बाय. तुजं जाऊ द्यायचं न्हाय. म्या सांगते सरांना. तू नको सांगू. म्या सांगते."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच ती शाळेत गेली. तांबारे सर मोटारसायकल लावत होते. तिनं आडवळण न घेता सांगून टाकलं.

सर आधी हसले. "आज्जी, काहीतरीच. वर्गात तिच्यासारखं कोण वाचतं? थांबा, तिलाच बोलावतो."

"पोरीला बोलावू नका."

"मग तुम्हाला कसं कळलं? पुस्तकात बघितलं का तुम्ही?"

म्हाळसाबाईनं मान खाली घातली. आजवर हे तिनं धनाजीच्या बापालाही सांगितलं नव्हतं. "पुस्तकातलं मला काय बी कळत न्हाय, सर. म्या बी तसंच करते, म्हणून कळलं."

सरांच्या तोंडावरचं हसू गेलं, पण त्या जागी समजूत आली नाही, राग आला. शाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवून घेतलं होतं, 'आमच्या शाळेतील प्रत्येक मूल वाचते.' एका रविवारी स्वतः शिडी धरून उभे होते ते.

"दोन दिवसांच्या प्रशिक्षणात तुम्ही मला शिकवायला लागलात म्हणायचं," ते म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून आत गेले.

म्हाळसाबाई घरी आली. आपण पोरीचं नाव खराब केलं आणि सरांचंही मन दुखावलं, असं तिला वाटत राहिलं. माणूस वाईट असता तर काही नव्हतं. पण हा माणूस चांगला होता. पाच वर्गांना दोन शिक्षक. त्यातल्या दुसऱ्या बाईंना कधी मतदार यादीचं काम, कधी कुठली माहिती भरायची. पावसाळ्यात ओढा भरला की सर पोरांना खांद्यावरून पलीकडं सोडायचे. तिनं पाशामियाँना गाठून सगळं सांगितलं. पाशामियाँ उशीला टाका घालत होते.

"सर मनाला लावून घेणार," ते म्हणाले. "पण बोललात ते बेस केलं. मी सांगतो ना, आमची शाहीन रोज ओरडती, ही माझं सगळं पाठ करून टाकती म्हणून. मी म्हणायचो, करू दे की गं! मला कुठं माहीत, त्यात असली भानगड असंल."

दोन दिवस सर म्हाळसाबाईशी बोलले नाहीत. रस्त्यात दिसली तर मान हलवून पुढं जायचे.

रविवारी दुपारी ती शेळ्यांना पाणी पाजत होती. मोटारसायकलचा आवाज आला. तांबारे सर उतरले आणि जाळीजवळच्या दगडावर बसले. ती बाज टाकायला निघाली तर नको म्हणाले.

"आज्जी, मी मुंगीच्या धड्यातलेच शब्द घेतले. उलटसुलट करून फळ्यावर नवी वाक्यं लिहिली. एकेकाला वाचायला लावलं."

म्हाळसाबाईनं हातातली बादली खाली ठेवली.

"अकरातल्या पाच जणांना येईना. अक्षदा एकटी नाही. पाच." त्यांनी एक खडा उचलला आणि हातात फिरवत बसले. "त्यातली तिघं अक्षदासारखीच, मेंढरांमागं नाहीतर ऊसतोडीला कोयत्यावर जाऊन आलेली. मी रोज त्यांच्यासमोर उभा राहतो, आज्जी. रोज. मला दिसलं नाही."

"उभं ऱ्हाऊन दिसत न्हाय, सर," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, जास्त झालं. म्हणून लगेच म्हणाली, "आन् तुमी तरी किती जणांपाशी बसणार? पाच वर्ग, दोन माणसं. थांबा, चहा टाकते."

शेळीच्या दुधाचा चहा सरांना आवडत नसे. त्या दिवशी त्यांनी तो सगळा प्यायला.

समितीची बैठक एरवी भर दुपारी व्हायची, त्यामुळं बाया येत नसत. या खेपेला पाशामियाँनी ती सकाळी साडेसातला ठेवली, आणि सगळ्या आल्या. ठरलं ते एवढंच. रोज सकाळी एका सदस्यानं पहिलीच्या पोरांना तासभर सांभाळायचं. खेळवायचं, गोष्ट सांगायची, खडे मोजायला लावायचे. तेवढ्या वेळात सरांनी त्या पाच जणांना घेऊन बसायचं. आणि दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप बाहेर जातात, त्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाचा अर्ज आत्ताच द्यायचा, म्हणजे पोरं मागं राहतील, आणि त्यांचं जेवणखाण शाळेतच होईल.

शेवटी म्हाळसाबाई म्हणाली, "ते पत्रक फाडा, सर. दुसरं लिहा."

सर थांबले. "आज्जी, कळंबला सगळ्यांसमोर वाचतील. बाकीच्या गावांचं सगळं उत्तम असणार. आपल्याच वाडीचं..."

"त्यावर सही माजी हाय." ती म्हणाली. "मला वाचाय येत न्हाय, पर खोटं काय लिवलंय ते ठाव हाय."

पत्रक फाडलं गेलं. नवीन पत्रकावर तिनं सही घातली.

फेब्रुवारीच्या अखेरीला परत कळंब. तेच सभागृह, तोच गोल. लोमटे मॅडम एकेका गावाचं पत्रक वाचत होत्या. उत्तम. उत्तम. समाधानकारक. उत्तम. वाचता वाचता त्यांचा आवाज उतरत चालला होता. मग करंजवाडीचं आलं.

"तिसरी. पट अकरा. पाच मुलांना वाचता येत नाही." मॅडम थांबल्या. मागून कुणीतरी खुसखुसलं. कुणीतरी पुटपुटलं, "सायेबांनी बघितलं तर सर गेले कामातनं."

तांबारे सर उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी सगळं सांगितलं. भिंतीवर काय रंगवलंय तेही सांगितलं, दोन दिवस आपण म्हातारीशी बोललो नाही तेही. "माझी चूक या आज्जींनी पकडली," असं म्हणून ते खाली बसले.

मॅडम म्हाळसाबाईकडं वळल्या. "आज्जी, तुम्हाला कसं कळलं?"

म्हाळसाबाई उठली. गुडघा कुरकुरला, पाशामियाँनी हात दिला. गोलात चाळीस माणसं होती, निम्मी अनोळखी.

"मागल्या टायमाला म्या चष्मा इसरला म्हणले, बाई. चष्मा बिश्मा काय न्हाय. मला वाचाय येत न्हाय. पुस्तक धरून उभं ऱ्हायाचं आन् पाठ केलेलं म्हणायचं, हे म्या जन्मभर केलंय. नात तसंच करायली व्हती, मला वळखू आलं. ज्याला वाचाय येतंय, त्यो पुस्तकाकडं बघतो. म्या पोरीकडं बघितलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग गोलाच्या पलीकडच्या बाजूची एक बाई, कुलसुमबी नावाची, कुठल्याशा गावची सदस्य, जागेवरून उठली आणि मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"आमचं पत्रक वापस द्या, मॅडम. आमी शाळेत गेलोच न्हाय. घरी बसून भरलं."

तिच्या मागं आणखी एक जण उठला. मग आणखी दोघं. लोमटे मॅडम पत्रकं परत देत होत्या. जाताना त्यांनी म्हाळसाबाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

त्यानंतरचं सगळं काही सरळ झालं असं नाही. सदस्यांच्या पाळ्या पहिले पंधरा दिवस नीट चालल्या, मग कुणाची खुरपणी, कुणाचं लग्नकार्य. शेवटी उरले पाशामियाँ आणि म्हाळसाबाई. पाशामियाँ पोरांना कापसाची भुतं करून दाखवायचे. म्हाळसाबाई पोरांना मेंढरं मोजल्यासारखी विसांनी मोजायला शिकवायची, एक इसा, दोन इसा. पुढं सरांना पहिलीच्या पोरांना चाळीसला 'दोन इसा' म्हणायचं नसतं हे समजावत बसावं लागलं.

सरांनी तिलाही शिकवायचा प्रयत्न केला. अक्षदानंही केला. ती 'म' आणि 'ह' यांच्या पुढं गेली नाही. "माजं डोस्कं आता मेंढरांपुरतंच ऱ्हायलंय," म्हणाली, आणि पुढं कोकरांना जुलाब लागले तेव्हा ते राहूनच गेलं. सहीत ते दोन्ही कुठं लपलेत, तेवढं मात्र तिला सापडलं. 'म' अर्धाच होता. तो कोणी कापला, असं तिनं विचारलं होतं.

पाच पोरांतल्या तिघांना एप्रिलपर्यंत वाचता यायला लागलं. एक गाव सोडून गेलं. एक अजून धडपडतंय. भिंतीवरची ओळ सरांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगानं पुसली, आणि तिथं दुसरं काही लिहिलं नाही.

ज्येष्ठात धनाजी आणि शिवलीला मेंढरं घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजी, म्हाळसाबाई आणि अक्षदा मारुतीच्या पारापाशी गेली, तर तिथं जनावरांच्या दवाखान्याचं पत्रक डकवलेलं होतं. अक्षदा आपसूकच त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि बोट लावून वाचायला लागली.

"शे... शेळ्या... मे... मेंढ्यांचे... ल... लसी..."

धनाजीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आये, दिवाळीत तर कशी घडाघडा वाचत व्हती ही. काय झालं हिला? शाळेत गेली न्हाय का?"

"आता वाचायली ती," म्हाळसाबाई म्हणाली.

"लसी... क... लसी..."

धनाजी चौथी शिकलेला. त्याला ते येत होतं, आणि सांगायला त्यानं तोंड उघडलं. म्हातारीनं त्याचा दंड असा घट्ट धरला की तो बघतच राहिला.

"गप उभा ऱ्हा."

मग तिघंही तिथं उन्हात उभी राहिली. मागं मेंढरं ओरडत होती, रस्त्यानं कुणीतरी "काय बगायलाव?" म्हणून विचारून गेलं. पोरीनं एकदा आज्जीकडं पाहिलं, परत बोट शब्दाच्या सुरुवातीला नेलं, ओठ दाबले.

"लसी-क-रण. लसीकरण! आज्जे, मंगळवारी हाय! सकाळी... नऊ वाजता!"

"मंगळवारी," म्हाळसाबाई धनाजीला म्हणाली, "मेंढरं लौकर सोडायला लागतील मग," आणि लंगडत पाराची पायरी उतरायला लागली.